थांबण्याचा पगार

हा लेख उघडायला तुम्ही स्क्रीनवर बोट टेकवलंत आणि पान समोर आलं. मधल्या पाऊण सेकंदात, बहुधा शेकडो किलोमीटर लांबच्या एखाद्या सर्व्हरवर, एक थ्रेड जागा झाला. त्यानं तुमची मागणी घेतली, डेटाबेसकडून मजकूर आणला, तुमच्याकडे पाठवला आणि तो परत आपल्या जागी जाऊन थांबला. तो खास तुमच्यासाठी जन्मला नव्हता, आणि तुमचं काम झालं म्हणून मेलाही नाही. तुमच्याआधी त्यानं हजारो जणांची कामं केली असतील, तुमच्यानंतरही करेल. मधल्या वेळात तो नुसता थांबून असतो.

या व्यवस्थेला थ्रेड पूल म्हणतात. पूल म्हणजे नदीवरचा नव्हे. साठा, राखीव जमाव या अर्थानं. मी सात वर्षं जावामध्ये सर्व्हरचा कोड लिहितोय आणि माझ्या कामाचा मोठा भाग या थांबलेल्या थ्रेडची काळजी घेण्यात जातो. किती ठेवायचे, किती वेळ थांबवायचे, कामं वाढली तर काय करायचं, कुणी अडकला तर कसं ओळखायचं.

आणि मी सोलापूरचा. आमच्या गावात थ्रेड म्हणजे सूत. अशोक चौकाच्या बाजूला, पूर्व भागात कुठल्याही गल्लीत शिरा, यंत्रमागाची खडखड भिंतीतून ऐकू येते. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांनी तिथं घरं केली, माग टाकले. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल तिथले. दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे एका दिवाळीत आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, "तू पुण्याला नेमकं काय करूलालास?" असं विचारल्यावर मी "थ्रेड सांभाळतो" म्हणालो, तेव्हा ते खुश झाले.

"म्हंजे सुताचंच काम की."

नाही म्हणून मी समजवायला बसलो. थ्रेड म्हणजे कॉम्प्युटरमधला कामगार धरा. काम आलं की करतो, नसलं की थांबतो. काही कायमचे असतात, काम फार झालं की जास्तीचे बोलवायचे, कमी झालं की त्यांना घालवायचं. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका शब्दात माझं अर्धा तासाचं भाषण संपवलं.

"बदली म्हण की सरळ."

एका कामाला एक माणूस

आधी हे बघू, की पूल लागतोच कशाला.

प्रोग्राम चालतो म्हणजे सूचना एकापाठोपाठ एक पाळल्या जातात. त्या पाळणारी एक ओळ म्हणजे एक थ्रेड. एकाच प्रोग्रामात अशा अनेक ओळी एकाच वेळी चालू शकतात. सगळ्यांची मेमरी सामाईक, पण प्रत्येकाचा स्टॅक वेगळा. आपण कुठल्या सूचनेवर आहोत, हातात कुठले आकडे आहेत, हे ज्याचं त्यानं त्यात ठेवायचं. प्रोसेसरचे कोअर असतात चार, आठ, सोळा. थ्रेड शेकडो असले तरी एका क्षणी जितके कोअर तितकेच प्रत्यक्षात धावतात. बाकीच्यांची पाळी ऑपरेटिंग सिस्टीम लावते.

सर्व्हर लिहायची सगळ्यात सोपी रीत अशी: मागणी आली की नवा थ्रेड तयार करायचा, काम झालं की तो मोडायचा. दिवसाला शंभर माणसं येत असतील तर हे उत्तम चालतं. पण थ्रेड तयार करणं फुकट नाही. ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागणी करावी लागते, तिला नोंदी कराव्या लागतात, स्टॅकसाठी जागा राखून ठेवावी लागते. ६४ बिटच्या लिनक्सवर जावा एका थ्रेडच्या स्टॅकसाठी साधारण १ एमबी जागा राखते. ती सगळी लगेच वापरली जात नाही, पण दहा हजार मागण्या एकदम आल्या आणि दहा हजार थ्रेड उभे राहिले, की राखलेली जागाच १० जीबीच्या घरात जाते. त्यात कोअर आठच. एका थ्रेडवरून दुसऱ्यावर जाताना प्रत्येक वेळी पहिल्याचा पसारा आवरायचा आणि दुसऱ्याचा मांडायचा. अशानं मशीन कामापेक्षा आवराआवरच जास्त करतं.

टॉवेलच्या प्रत्येक ऑर्डरला नवा माणूस भरती करायचा, त्याला माग दाखवायचा, टॉवेल विणून झाला की हिशेब करून घरी पाठवायचा आणि पुढच्या टॉवेलला पुन्हा जाहिरात द्यायची, असा कारखाना कुणी चालवणार नाही. माणसं ठेवून घ्यायची आणि कामं त्यांच्यापुढून जाऊ द्यायची. थ्रेड पूलमागची कल्पना एवढीच आहे.

गेटवरची सकाळ

सोलापुरातली पहिली मोठी कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग. गाव तिला जुनी गिरणी म्हणतं. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या आणि गावाचं घड्याळ भोंग्यावर चालू लागलं. आज त्यातली एकही चालू नाही. आबा त्यांतल्या एका गिरणीत १९६० च्या दशकात लागले. लागले म्हणजे गेटवर उभे राहू लागले.

गिरणीत रोज काही माणसं गैरहजर असायचीच. कुणाला ताप, कुणाच्या गावाकडे पेरणी, कुणाचं लग्न. माग तर थांबवायचा नाही. मग त्या दिवसापुरता दुसरा माणूस लावायचा. तो बदली. पाळीच्या आधी बदलीवाले गेटवर जमायचे. भोंगा व्हायचा, कायमचे कामगार आत जायचे, किती जागा रिकाम्या राहिल्या ते मोजलं जायचं आणि तेवढ्यांना आत घेतलं जायचं. उरलेले घरी.

कुणाला आत घ्यायचं हे बराच काळ जॉबर ठरवायचा. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम. त्याची मर्जी सांभाळावी लागे. मुंबईत यावर उपाय म्हणून गिरणीमालकांच्या संघटनेनं १९३५ साली बदली नियंत्रण योजना आणली: ठरावीक लोकांना बदलीचं कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर राहायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. आमच्या भाषेत बोलायचं तर पूलला नियम लावले.

"महिन्यातनं बारा-पंधरा दिवस लागायचं काम," आबा सांगतात. "बाकीचे दिवस जाऊन यायचं."

"जाऊन यायचं म्हणजे?"

"उभारायचं. नाही लागलं की यायचं. डबा न्यायचाच पण. डबा नसला आणि लागलं तर?"

त्या न उघडलेल्या डब्याबद्दल मी पुढे बराच विचार केला. आजी पहाटे उठून भाकरी करायची, आबा तो डबा घेऊन जायचे आणि निम्म्या वेळा तो तसाच परत यायचा. मग दोघं मिळून तो दुपारी घरी खायचे.

पूल आतून कसा चालतो

आता परत सर्व्हरवर येऊ. जावाच्या पाचव्या आवृत्तीत, सप्टेंबर २००४ मध्ये, समांतर प्रोग्रामिंगसाठी एक तयार संच आला. तो बनवणाऱ्या गटाचं नेतृत्व डग ली या प्राध्यापकांकडे होतं. त्यातला थ्रेडपूलएक्झिक्युटर हा वर्ग आजही जगभर वापरात आहे. तो समजला की इतर भाषांमधले पूलही समजतात.

मधोमध एक रांग असते, कामांची. एका बाजूनं कामं येऊन रांगेत पडतात. दुसऱ्या बाजूला थ्रेड उभे. प्रत्येक थ्रेडचं आयुष्य म्हणजे एक कधीही न संपणारं चक्र: रांगेतून काम उचल, कर, परत ये. रांग रिकामी असली तर थ्रेड झोपतो, आणि ही झोप खरी असते. "आलं का काम, आलं का काम" असं तो दर क्षणाला विचारत बसत नाही, त्यामुळे प्रोसेसरचा वेळ खात नाही. काम रांगेत पडलं की रांगच एकाला उठवते. दोघांनी एकच काम उचलू नये म्हणून रांगेला कुलूप असतं. एका वेळी एकाचाच हात आत.

थ्रेड किती, याचे दोन आकडे असतात. एक गाभ्याचा: हे कायमचे. काम नसलं तरी, वेगळं सांगितलं नाही तर, राहतात. दुसरा कमाल आकडा: यापुढे जायचं नाही.

इथं एक गंमत आहे. मुलाखतीत यावर हमखास प्रश्न येतो, आणि तुम्ही या क्षेत्रात असाल तर हे लक्षात ठेवा. समजा गाभा १० चा, कमाल ५० आणि रांगेत १०० कामं मावतात. दहाही थ्रेड गुंतलेत आणि अकरावं काम आलं. आता काय होईल? अकरावा थ्रेड तयार होईल असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. अकरावं काम रांगेत जातं. रांग शंभरनं गच्च भरली आणि तरी पुढचं काम आलं, तरच अकरावा थ्रेड जन्मतो. म्हणजे जास्तीची माणसं बोलवायच्या आधी कामं साठू द्यायची, आणि साठवायला जागा उरली नाही की मगच माणूस वाढवायचा. आणि रांगेला मर्यादाच घातली नसेल तर ती कधीच भरत नाही, त्यामुळे ५० हा आकडा कागदावरच राहतो. कामं साठत जातात, आणि एक दिवस मेमरी संपते.

पन्नासही थ्रेड गुंतले आणि रांगही भरली, तर पुढच्या कामाचं काय? त्याचे चार तयार पर्याय आहेत. सरळ नकार द्यायचा. किंवा गुपचूप टाकून द्यायचं. किंवा रांगेत सगळ्यात जास्त वेळ थांबलेल्याला हाकलून नव्याला घ्यायचं. चौथा मला सगळ्यात आवडतो: ज्यानं काम आणलं त्यालाच ते करायला लावायचं. तो स्वतः कामाला लागला की नवी कामं आणायचा त्याचा वेग आपोआप कमी होतो.

काम ओसरलं की जास्तीचे थ्रेड रिकामे होतात. त्यांना किती वेळ थांबू द्यायचं, याचीही एक मुदत असते. जावाच्या एका तयार पूलमध्ये ती ६० सेकंद आहे. साठ सेकंद काम मिळालं नाही की तो थ्रेड संपतो.

आबांची उपमा तंतोतंत लागू होत नाही, हे खरं. बदली कामगार गैरहजर माणसाच्या जागी यायचा, आणि पूलमधला जास्तीचा थ्रेड काम वाढलं म्हणून येतो. पण खराखुरा बदलीही पूलमध्ये आहे. काम करताना एखाद्या थ्रेडवर न सांभाळता येणारी चूक कोसळली तर तो मरतो, आणि गरज असेल तर पूल त्याच्या जागी नवा उभा करतो. नव्याला नवा क्रमांक मिळतो: पूल एक, थ्रेड सात. आबांच्या बिल्ल्यावरही क्रमांकच होता.

किती माणसं पुरेत

गाभ्याचा आकडा किती ठेवायचा? काम निव्वळ आकडेमोडीचं असेल, फोटो लहान करणं किंवा फाइल कुलूपबंद करणं, तर कोअर जितके, थ्रेड जवळपास तितकेच. जास्त ठेवून फायदा नाही.

पण सर्व्हरची बहुतेक कामं तशी नसतात. डेटाबेसला विचारलं, आता उत्तराची वाट बघ. बँकेच्या सर्व्हरला विचारलं, वाट बघ. थ्रेडच्या आयुष्यातला बराचसा वेळ असा वाट बघण्यात जातो. त्या वेळात कोअर रिकामा असतो, म्हणून दुसरा थ्रेड लावता येतो. वाट बघण्याचा वेळ कामाच्या नऊपट असेल, तर एका कोअरवर दहा थ्रेड मजेत चालतात.

हे कळायला यंत्रमाग बघावा, पण उपमा थोडी फिरवून. इथं विणकर म्हणजे कोअर आणि माग म्हणजे थ्रेड. माग चालू असतो तोवर विणकराला त्याच्याकडे नुसतं लक्ष ठेवायचं असतं. धागा तुटला, कांडी संपली, की तो तिथं जातो, गाठ मारतो, माग चालू करतो आणि दुसऱ्याकडे वळतो. म्हणून एक माणूस एकाहून जास्त माग सांभाळू शकतो. किती, हा प्रश्न मात्र कधीच निव्वळ गणिताचा नव्हता. मुंबईतल्या १९२८ च्या मोठ्या गिरणी संपामागे एका विणकरानं दोनऐवजी तीन माग चालवावेत यासारख्या योजनांचा वाटा होता. मागाच्या बाजूनं बघितलं तर विणकर रिकामा दिसतो. विणकराच्या बाजूनं बघितलं तर त्याची मान दिवसभर फिरत असते.

दुसरा एक हिशेब जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला. सेकंदाला येणारी कामं गुणिले एका कामाला लागणारा वेळ, म्हणजे एका वेळी आत असलेली सरासरी कामं. सेकंदाला ५० मागण्या आणि प्रत्येकीला ०.२ सेकंद, तर १० थ्रेड पुरतात. हे सूत्र चहाच्या टपरीलाही लागू आहे आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्यातल्या पाळण्यालाही. त्याचा खरा अर्थ मला एका रविवारी संध्याकाळी कळला.

कांडी भरायला कुणी नाही

तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत होतो. आमची सेवा ऑर्डर घ्यायची आणि पैशांसाठी दुसऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरला विचारायची. संध्याकाळी सातच्या सुमारास सगळं बंद पडलं. ॲप उघडेना. मी मशीनचे आकडे बघितले, तर प्रोसेसर ३ टक्के. मेमरी भरपूर. मशीन जणू दुपारची झोप काढत होतं, आणि बाहेर हजारो लोक गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसले होते.

आमची टीम लीड म्हणाली, थ्रेड डंप काढ. थ्रेड डंप म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड कुठल्या ओळीवर उभा आहे त्याची यादी. टॉमकॅट या सर्व्हरमध्ये कमाल थ्रेडचा मूळ आकडा २०० असतो. आमचाही तोच होता. यादी आली आणि दोनशेच्या दोनशे थ्रेड एकाच ओळीवर उभे होते: पैशांच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत. तो सर्व्हर बंद नव्हता, मंद झाला होता. ०.२ सेकंदात येणारं उत्तर ३० सेकंदांनी येत होतं. लिटलचं सूत्र लावा: ५० गुणिले ३० म्हणजे १५०० थ्रेड हवेत, आणि आहेत २००. सेकंदाला पन्नास जण आत येऊन अडकले, तर दोनशे जागा चार सेकंदांत संपतात. त्यानंतर ज्याला पैसे भरायचेच नाहीत, नुसती जुनी ऑर्डर बघायची आहे, त्यालाही थ्रेड मिळत नाही.

रात्री दोन गोष्टी केल्या. एक, वाट बघण्याला मुदत घातली: दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर सोडून द्यायचं आणि गिऱ्हाईकाला तसं सांगायचं. दोन, पैशांच्या कामाला वेगळा छोटा पूल दिला. जहाजाच्या तळाला वेगवेगळे कप्पे करतात, एकात पाणी शिरलं तरी बाकीचे तरंगते राहतात, तसं.

याहून फसवा एक प्रकार आहे. एक काम स्वतःच दुसरं छोटं काम त्याच पूलमध्ये टाकतं आणि ते पूर्ण व्हायची वाट बघतं. दहा थ्रेडवर अशी दहा मोठी कामं आली. दहाही जणांनी आपापलं छोटं काम रांगेत टाकलं आणि वाट बघत बसले. छोटी कामं करायची कुणी? सगळे तर वाट बघतायत. कुणीच कधीच सुटत नाही.

हे मी आबांना सांगितलं तेव्हा त्यांना एका वाक्यात कळलं. "सगळ्यांना मागावर उभं केलं आणि कांडी भरायला कुणी ठेवलंच नाही, असं झालं की हे." कांडी म्हणजे धोट्यातल्या बाण्याच्या सुताची गुंडाळी. ती भरायचं खातं वेगळं असायचं. वेगळं का असायचं, हे कॉम्प्युटर सायन्सच्या पुस्तकात मी चार पानं वाचून शिकलो होतो.

आधीच्याची खूण

वस्तू पुन्हा वापरायची म्हटलं की आधीच्या वापराच्या खुणा येतात. थ्रेडला एक खिसा असतो, थ्रेडलोकल नावाचा. काम चालू असताना लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे आत्ता कुठल्या ग्राहकाचं काम चालू आहे वगैरे, त्यात ठेवता येतात. थ्रेड काम संपल्यावर मरत असता तर खिसाही त्याच्याबरोबर गेला असता. पूलमधला थ्रेड मरत नाही. खिसा रिकामा केला नाही, तर पुढच्या माणसाचं काम करताना त्यात आधीच्या माणसाचं नाव सापडतं. तुम्ही लॉगिन केलंत आणि स्क्रीनवर भलत्याचंच खातं दिसलं, असे प्रकार यातूनही होऊ शकतात. म्हणून काम संपलं की, ते फसलं असलं तरीही, खिसा झाडायचाच.

सोलापुरी चादरीवरचा मोर जॅकार्ड मागावर येतो. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसानं १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेनं नक्षी विणायची युक्ती पक्की केली: भोक असेल तिथं धागा उचलायचा, नसेल तिथं नाही. त्या पुठ्ठ्यांची कल्पना चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. पुढे १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी भोकं पाडलेली कार्डंच मोजणीला वापरली. म्हणजे माझा धंदा सुताच्या धंद्यातूनच आलाय, असं म्हणायला हरकत नाही. मागावर मोराची माळ तशीच ठेवून कमळाची चादर काढायला घेतली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

बेंच

काही वर्षांनी मी कंपनी बदलली. तिथं माझा प्रकल्प संपला आणि दुसरा मिळेना. अशा माणसांना आयटीत बेंचवर आहे म्हणतात. मला आलेल्या ईमेलमध्ये मात्र वेगळा शब्द होता: तुम्हाला रिसोर्स पूलमध्ये हलवण्यात येत आहे. मुदत ४५ दिवस. त्यात नवा प्रकल्प मिळाला नाही तर "पुढील प्रक्रिया". मी रोज जो आकडा दुसऱ्यांसाठी लिहायचो, रिकामा थ्रेड किती वेळ जगू द्यायचा, तो आता माझ्या नावापुढे होता.

मी सोलापूरला आलो. रोज सकाळी लॅपटॉप उघडायचा, मॅनेजरांना मेसेज टाकायचे, एखादी अंतर्गत मुलाखत द्यायची. आबा माझ्याकडे बघत बसायचे. आठवडाभरानं त्यांनी विचारलं, "पगार?"

"पूर्ण."

"काम नसताना?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं ते कौतुक करतील किंवा टोमणा मारतील. ते म्हणाले, "मग तू बदली नाहीस. घाबरू नको."

मी नंतर कायदा शोधून वाचला. औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्यात ले-ऑफची कलमं १९५३ साली घातली गेली. काम पुरवता आलं नाही म्हणून मालकानं कामगाराला बसवून ठेवलं, तर त्या दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यायची, असं त्यात होतं. थांबण्याचा पगार, निम्मा का होईना. पण त्याच वाक्यात एक अपवाद होता: बदली आणि तात्पुरते कामगार सोडून. खाली बदलीची व्याख्या: हजेरीपटावर नाव असलेल्या दुसऱ्या कामगाराच्या जागी लावलेला. वर्षभराची सलग सेवा पूर्ण झाली की त्याला बदली मानायचं नाही. आबांना कायम व्हायला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांचे निम्मे दिवस त्यांनी गेटवर थांबून काढले. त्या थांबण्याचा पगार आजीच्या डब्यातून निघाला.

इथं आबांची उपमा आणि माझा पूल वेगळे होतात. थ्रेड पूलमध्ये थांबण्याचा खर्च पूल उचलतो. रिकाम्या थ्रेडची मेमरी अडकून पडते, आणि ती किंमत मोजायची की नाही हे सर्व्हरचा मालक ठरवतो. गाभ्याचा आकडा म्हणजे दुसरं काय, तर "इतक्या जणांच्या थांबण्याचा खर्च मी करीन" हा शब्द. गिरणीच्या गेटवर तो खर्च गिरणीच्या वहीत नव्हताच. आमच्या गावच्या विडी कामगार बायकांचंही तसंच. पान-तंबाखू घरी न्यायची, वळून हजारावर मोजून द्यायच्या. ज्या दिवशी पान मिळालं नाही त्या दिवशी मजुरी नाही.

तंत्र तर आता याही पुढे गेलंय. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले. ते इतके स्वस्त असतात की त्यांचा पूल करू नका असंच सांगतात. वाट बघायची वेळ आली की तो आपला पसारा आवरून बाजूला होतो आणि खालचा खरा थ्रेड दुसऱ्याला देऊन टाकतो. प्रत्येक कामाला नवा थ्रेड, काम झालं की संपला. आपण जिथून सुरुवात केली तीच रीत, फक्त आता परवडणारी. मशीनच्या बाबतीत ही फार चांगली गोष्ट आहे. मी स्वतः ती आनंदानं वापरतो.

पण सात रस्त्याला रात्री साडेआठला गाडीवर बसून फोनकडे बघणारी पोरं दिसतात, पाठीवर चौकोनी पिशव्या, तेव्हा मला तोच आराखडा दिसतो. ऑर्डर आली की कामगार, पोहोचवली की कुणीच नाही. गाभ्याचा आकडा शून्य. दोन ऑर्डरींच्या मधला वेळ, पेट्रोल, फोनची बॅटरी, सगळं त्यांच्या खिशातलं. ॲपच्या बाजूनं बघितलं तर थांबणं फुकट झालंय. ते तसं झालेलं नाही. ते दुसऱ्याच्या नावावर टाकलंय.

मला एकेचाळिसाव्या दिवशी प्रकल्प मिळाला. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला परत गेलो. पहिल्याच आठवड्यात एका नव्या सेवेचे आकडे ठरवायचे होते: गाभा, कमाल, रांग, मुदत. शेजारच्या नव्या मुलीनं विचारलं, गाभा शून्य ठेवला तर मेमरी वाचेल ना? मी म्हणालो, वाचेल, पण मग सकाळी पहिला जो येईल त्याला थांबावं लागेल. कुणीतरी थांबणारच आहे. कोण, ते आपण इथं लिहितोय.

तिनं थोडा विचार केला आणि आठ लिहिलं.